बांधच बांध, मॅडम

मॅडम, विभागाच्या फळ्याला तुमचा फोटो लावला आहे आणि त्याखाली खडूने 'दुःखद निधन' लिहिलं आहे. कॉलेजच्या फाटकावर तुमच्या लिंगायत घरच्यांनी लावलेल्या फलकावर 'लिंगैक्य' आहे. आपल्या प्रयोगशाळेतल्या इरफानने मला फोनवर सांगितलं, "सुजाता, मॅडम का इंतकाल हो गया." आमच्या विहारात आईने आदरांजलीसाठी तुमचं नाव दिलं, तेव्हा वाचणाऱ्या काकांनी 'कालकथित' म्हणून ते वाचलं, तुम्ही आमच्यातल्या नसूनही. ज्याच्या त्याच्या घरातला शब्द ज्याने त्याने तुम्हाला दिला. तुम्हाला चालला असता असा त्यात एकही नव्हता.

कुठला चालला असता ते मला माहीत आहे. तोच लिहायला हात उचलत नाही.

विभागप्रमुख सर म्हणाले, वार्षिक अंकासाठी तू लिही, तू त्यांची शेवटची विद्यार्थिनी. "शिस्तप्रिय होत्या, मनमिळाऊ होत्या, असं. जास्त खोलात नको." शिस्तप्रिय होतात. मनमिळाऊ नव्हतात. मी दोनदा सर म्हणाले तसं लिहायला बसले आणि दोन्ही कागद फाडले. माझी वाक्यं तुम्ही तपासून द्यायचात. आता तपासायला कोणी नाही, म्हणून जसं येतंय तसं लिहिते. आणि आधीच सांगते, मी तुमच्यावर रागावले आहे. रागावलेल्या माणसाने असा लेख लिहावा की नाही, मला ठाऊक नाही.

ॲनिमल हाऊसमध्ये आपल्या उंदरांचा शेवटचा गट अजून पिंजऱ्यात आहे. ज्यांना विष देणं थांबवलं आणि मग नुसतं खाऊ-पिऊ दिलं, ते. यांचं यकृत परत सावरतं का, ते बघायचं होतं. मी रोज जाते, पाण्याच्या बाटल्या बदलते, खाणं घालते, येते. पुढचं काम होत नाही. मायक्रोस्कोपपाशी बसले की डोळा लावायची भीती वाटते. ही भीती तुम्ही माझ्यात घातलीत. कशी घातलीत ते सांगते, म्हणजे वाचणाऱ्यांनाही कळेल की मी उगाच रागावलेली नाही.

प्रोजेक्ट ठरला त्या दिवशी मी घरी सांगितलं, की काविळीला भुईआवळी देतात ना, तिचा अर्क यकृताला वाचवतो का ते मी बघणार आहे. आई अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलांच्या कडा शिवते. नुकतीच आली होती, केसांत सुताचा कचरा तसाच होता.

"यकृत म्हंजी काय गं?"

"मटणात येतं बघ, काळीज."

"मग काळीज म्हण की. यकृत म्हनं."

दुसऱ्या दिवशी मी हे गंमत म्हणून तुम्हाला सांगितलं. तुम्ही हसला नाहीत. "तुझी आई बरोबर बोलली. आजपासून आपण काळीज म्हणायचं." मांसाला हात न लावणाऱ्या घरातल्या तुम्ही, पण त्या दिवसापासून प्रयोगशाळेत दुसरा शब्द चालला नाही. बाहेरचे परीक्षक आले तरी तुम्ही चुकून काळीज म्हणायचात आणि ते दचकून बघायचे.

वर्गात तुम्ही सांगितलं होतंत की उंदराच्या काळजाचा मोठा भाग कापून काढला, तरी थोड्याच दिवसांत ते पुन्हा तेवढंच होतं. मला ते खरं वाटेना. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "पालीच्या शेपटीवानी व्हय?" तेही मी तुम्हाला येऊन सांगितलं. मी तेव्हा सगळंच तुम्हाला येऊन सांगत होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेलं कुणी नव्हतं, त्यामुळे कुठली गोष्ट सांगायची आणि कुठली नाही, हे मला कळत नव्हतं. तुम्ही म्हणालात, "शेपटीसारखं नाही. कापलेला तुकडा परत येत नाही. जो उरलाय तो मोठा होतो. म्हणून काहीतरी उरायला हवं."

पहिल्यांदा उंदीर माझ्या हातात दिलात तेव्हा तो अंगठ्याला चावला. मी रडले. "नोडु," तुम्ही म्हणालात. बघ, असं तुम्ही कायम तुमच्या घरच्या कानडीतच म्हणायचात. "घट्ट धरलंस की चावतो, सैल धरलंस की पळतो. भाकरी थापताना हातावर घेतेस ना, तसा घे." भाकरीचं म्हटल्यावर मला जमलं. त्यानंतर एकही चावला नाही. याचे आभार मी तुमचे कधी मानले नाहीत. आता मानते. राग वेगळा.

मग त्यांना मारायचा दिवस आला. मी इरफानला विचारलं, "आज कुठला गट सॅक्रिफाइस करायचा?" सगळे तसंच म्हणतात, पुस्तकांत तसंच असतं.

तुम्ही मागून म्हणालात, "कुठल्या देवाला?"

आम्हाला कळेना.

"बळी देताय ना? मग देव कुठला ते सांगा. जत्रेत बकरं कापणारा निदान देवाचं नाव तरी सांगतो."

इरफान म्हणाला, "मॅडम, बुक में वैसाच है."

"बुकात असू दे. इथे मारायचे म्हणायचं. म्हण सुजाता."

तुम्ही हातमोजे घालून उभ्या राहिलात, मी म्हणेपर्यंत काम सुरू केलं नाहीत. शेवटी मी म्हणाले, "मारायचे." तेव्हा तुम्ही भुलीचं औषध काढलंत. "मारलं म्हणालीस की पुढच्या प्रयोगाला एक उंदीर कमी मागशील. सॅक्रिफाइस म्हणालीस की दोन जास्त मागशील. म्हणून सांगते."

त्यावरून आपला वाद सुरू झाला आणि तो शेवटपर्यंत मिटला नाही. मी प्रबंधात 'सॅक्रिफाइस्ड' लिहायची, तुम्ही लाल रेघ मारायचात, पुढच्या खेपेला मी पुन्हा तेच लिहून आणायची. तुम्हाला वाटायचं मी परीक्षकांना घाबरते. तेही होतंच. पण खरं कारण मी एकदाच सांगितलं होतं, जिन्यात उभं राहून. पंचशीलातलं पहिलंच शील जिवाला न मारण्याचं आहे. दर रविवारी विहारात मी आईशेजारी बसून ते म्हणते. आई विचारायची, "शेवटी काय करता गं त्या उंदरांचं?" मी म्हणायची, "शेवटचं काम असतं, आई." ती पुढे विचारायची नाही. ती विचारत नव्हती म्हणून मी शिकू शकत होते. मी तुम्हाला म्हणाले, "मॅडम, मऊ शब्द दर वेळी खोटा नसतो. काही जणांना त्याच्यावर पाय ठेवूनच पलीकडे जावं लागतं."

"साकु," तुम्ही म्हणालात. पुरे. "मऊ शब्दाखाली काय पुरलंय ते पुरणाऱ्यालाच कळत नाही मग."

आणि जिना उतरून गेलात. त्याचं उत्तर मला आज येतं. त्याआधी एका काचपट्टीबद्दल.

वाचणाऱ्यांसाठी सांगते. काळजाचा तुकडा पातळ कापून काचपट्टीवर घेतात आणि रंग देतात. आमच्या रंगात निरोगी काळीज लालसर दिसतं, निळं फारसं नसतं. विष पोचलं की निळ्या रेघा उमटतात. आधी एखादी, मग ती दुसरीला जाऊन मिळते, मग चौकोन पडतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला बार्शीकडचं मामाचं शिवार आठवलं. मी म्हणाले, हे तर बांध घातल्यासारखं दिसतंय. तुम्हाला ते फार आवडलं. निळं ते बांध, लाल ते शेत. मग आपण तिघं तसंच बोलायला लागलो. बांध किती? शेत किती? बांध फुटलाय का कुठे?

आणि काचपट्ट्या वाचायचा तुमचा नियम. इरफान नावावर चिकटपट्टी लावून नुसता आकडा घालायचा. कुठला उंदीर, कुठल्या गटातला, हे वाचणाऱ्याला कळता कामा नये. "ओळख असली की डोळा खोटं बोलतो," तुम्ही म्हणायचात. "औषधाच्या गटातला आहे असं कळलं की तुला शेत जास्त दिसणार. मुद्दाम नाही. डोळाच तसा आहे." हे वाक्य मी वहीच्या आतल्या पानावर लिहून ठेवलं होतं. इतकं ते मला खरं वाटायचं.

मग तुम्ही काळसर काचांचा चष्मा वापरायला लागलात. उजेड सोसत नाही म्हणालात. त्या चष्म्यातून मायक्रोस्कोप नीट दिसेना, म्हणून "तू बघ आणि मला सांग," असं सुरू झालं. मला अभिमान वाटायचा. आईला सांगितलं, मॅडम आता माझ्या डोळ्यांनी बघतात. त्या काचांमागे तुमचे डोळे पिवळे झाले होते. कावीळ शिकवणाऱ्या बाईंनी काविळीवर प्रबंध लिहिणाऱ्या मुलीपासून आपले डोळे लपवले, आणि ते लपले. मॅडम, मी रोज तुमच्या समोर बसत होते.

त्या दुपारी इरफान नमाजाला गेला होता. तुम्ही पर्समधून रुमाल काढलात, रुमालातून काचपट्टी. "ही सरावाला. बाहेरून आली आहे. कुणाची ते विचारायचं नाही."

मी लावली. "एवढा बारीक तुकडा?"

"सुईने काढलाय."

मला वाटलं ससा असेल, किंवा आणखी मोठं जनावर, सगळं काळीज काढायचं नसेल म्हणून सुई घातली असेल. आमच्यापैकी कुणालाही तसंच वाटलं असतं. ज्या टेबलावर काचेखाली फक्त उंदीर येतात, तिथे माणूस कुणाच्या मनात येईल?

"काय दिसतंय?"

"बांधच बांध, मॅडम. शेत राहिलंच नाही."

"नीट बघ."

"बघितलं. एकही चौकोन मोकळा नाही. हे जनावर वाचायचं नाही."

"उरलेलं वाढणार नाही?"

"उरलंय कुठं?" मी हसले. मला आठवतंय, मी हसले, आणि वर म्हणाले, "कुणी दिलं एवढं विष याला? आपण दिलं असतं तर प्राण्यांच्या समितीने हाकललं असतं आपल्याला."

तुम्ही रुमालाची घडी घातलीत आणि पुन्हा मोडलीत. मला वाटलं, काहीतरी राहिलं माझं बघायचं. मग म्हणालात, "बरोबर. एकदम बरोबर वाचलंस." काचपट्टी रुमालात गुंडाळलीत. डबा उघडलात, कडक भाकरी मोडून अर्धी मला दिलीत, वर शेंगाचटणी. तुमच्या तोंडून 'एकदम' मी पहिल्यांदा ऐकत होते. घरी जाऊन सांगितलं तर आई म्हणाली, "लई शानी झालीस की." तो माझ्या शिक्षणातला सगळ्यात चांगला दिवस होता, मॅडम. तो दिवस तुम्ही माझ्याकडून काढून घेतला आहे, आणि त्याच्या जागी काय ठेवायचं ते मला कळत नाही.

त्यानंतर, हे लक्षात घ्या, त्यानंतर तुम्ही मला नवी पेठेत घेऊन गेलात. व्हायव्हाला नवा ड्रेस हवा म्हणून. दुकानदार म्हणाला, "मुलगी का मॅडम?" तुम्ही म्हणालात, "मुलगी एवढा त्रास देत नाही." त्याने पिवळं कापड काढलं, तुम्ही घाईने म्हणालात, "पिवळा नको," आणि निळं उचललंत. मी म्हणाले, मला भीती वाटते, इंग्रजीत विचारलं आणि अडले तर. तुम्ही निळं कापड माझ्या खांद्याला लावून बघत म्हणालात, "मी पहिल्या रांगेत बसणार आहे. अडलीस की माझ्याकडे बघ. मी मान हलवीन. बरोबर असेल तर अशी, चुकत असेल तर अशी."

"नक्की याल ना?"

"हौदु. नक्की."

ज्या बाईंना माझ्याच तोंडून कळलं होतं की शेत राहिलेलं नाही, त्या म्हणाल्या, नक्की.

मग तुम्ही रजा टाकलीत. "थोडी ॲसिडिटी आहे. पुण्याला भाचीकडे जाऊन येते." ॲसिडिटी. आमच्या तोंडातून 'मारायचे' काढल्याशिवाय हातमोजे न हलवणाऱ्या तुम्ही. फोन करायचात, उंदरांची वजनं विचारायचात, भुईआवळीच्या गटातल्या एकाने खाणं कमी केलंय म्हटल्यावर खोदून खोदून विचारायचात. मी विचारायची, "ॲसिडिटी कशी आहे मॅडम?" तुम्ही म्हणायचात, "आहे." आणि एक दिवस फोन तुमचा आला नाही, इरफानचा आला.

तुमच्यात बसवून पुरतात, हे मला माहीत नव्हतं. मी लांब उभी होते. खड्ड्यात तुम्ही मांडी घालून बसलेल्या, कपाळाला भस्म, आणि मला क्षणभर वाटलं, आता मान हलवाल. अशी किंवा अशी. मग विभूती आणि बेलाची पानं टाकायला लोक पुढे झाले आणि मला दिसेनासं झालं.

तिथून तुमच्या घरी आल्यावर तुमच्या थोरल्या बहिणीने, अक्कांनी, मला आत बोलावलं. तुमच्यासारखंच नाक, पण बोलणं मऊ.

"तूच ना सुजाता? तू लई सरळ बोलतीस म्हणायची ती. काचेची पट्टी तुलाच दाखवली होती की."

"कुठली पट्टी?"

"तिचीच की गं. सुईनं तुकडा काढला होता दवाखान्यात. रक्तातली जुनी कावीळ, कधी शिरली देवाला ठाऊक. कुणाला बोलू नको म्हणायची. लिव्हर म्हटलं की लोक बाटली शोधतात, त्यात एकटी बाई."

माझ्या हातात चहाचा कप होता. मी तो खाली ठेवला, एवढं आठवतं. अक्का बोलत राहिल्या. त्यांना वाटत होतं मला सगळं माहीत आहे.

"डॉक्टर म्हणायचे, बघू, करू. मी म्हणायची, होशील बरी. तिला आमचा राग यायचा बघ. त्या दिवशी कॉलेजातून आली आणि म्हणाली, अक्का, आज एक जण सरळ बोललं. माझ्या पोरीनं वाचलं आणि सांगितलं. त्या दिवशी जेवली नीट. आम्ही कानडीत म्हणतो तसं, ओझं उतरलं." मग त्यांनी कपाटातून तुमचा रुमाल काढून माझ्या हातात दिला. "हे तुला द्यायला सांगितलंय."

माझ्या पोरीनं. मॅडम, हे तुम्ही मला कधी म्हणाला नाहीत. दुकानदारालाही उडवून लावलंत. जिवंतपणी एकदा म्हणाला असतात तर मी जन्मभर पुरवलं असतं. आणि मेल्यावर आलं ते कुठल्या वाक्यात आलं?

उंदरांची परवानगी देणाऱ्या समितीपुढे आपण दोघी बसलो होतो, आठवतं? एकेका उंदरासाठी विचारलं होतं त्यांनी. कशाला हवेत, इतकेच का, त्रास कमी कसा करणार. तुम्ही मला म्हणालात, हे असंच विचारायला हवं, मुक्या जिवाला विचारता येत नाही म्हणून त्याच्या वतीने कुणीतरी विचारतं. मग माझ्या वतीने कुणी विचारायचं होतं? मला तर बोलता येत होतं. तुम्ही माझा डोळा वापरलात. माझी जीभ वापरलीत. तुम्हाला एक खरं वाक्य हवं होतं आणि ते ज्याच्याकडून न दुखता निघेल असं एकच माणूस सोलापुरात होतं. मला चिकटपट्टीमागे ठेवलंत आणि घेतलंत. उंदराला आपण परवानगीने वापरतो, मॅडम. माझी परवानगी घेतली नाहीत.

जिन्यातल्या वादाचं उत्तर हे आहे. मऊ शब्दावर पाय ठेवून पलीकडे जावं लागतं काही जणांना. तुम्हालाही लागलं. वाद मी जिंकले. असा जिंकायचा नव्हता.

इथवर लिहून मी थांबले होते. सरांना अंक छापायला द्यायचा होता, त्यांनी दोनदा निरोप पाठवला. मध्ये काही दिवस गेले.

एका रविवारी विहारातून येताना मी आईला सगळं सांगितलं. काचपट्टीचं, नवी पेठेचं, ॲसिडिटीचं. आणि उंदरांचंही. मी म्हणाले, "शेवटचं काम म्हणते ना मी, आई, ते म्हणजे आम्ही त्यांना मारतो."

आई चालत राहिली. "मला म्हाईत नव्हतं व्हय? हाताला वास यायचा की तुझ्या. साबण लावून लावून कातडं जायची पाळी."

"मग कधी बोलली नाहीस?"

"तू सांगशील म्हून वाट बघितली." थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "बाईनं सांगितलं न्हाय म्हून तू जेवंना झालीस. वाट बघायला काय वाटतंय, आता कळलं का?"

मला वाटलं ती आता म्हणेल, सोडून दे ते काम. ती म्हणाली, "विष तर पाजून बसलाय त्यांना. आता कशासाठी पाजलं ते तरी बघा. अर्ध्यात सोडलं तर नुसतंच मारणं हाय ते."

दुसऱ्या दिवशी मी आणि इरफानने शेवटचा गट मारला. भाकरीसारखा हातावर घेऊन, एकेक. बरे झाले की नाहीत हे बघायला त्यांना मारावंच लागतं, याला मी अजून सरावले नाही. सरावू नये असं तुमचं म्हणणं होतं. प्रबंधात मी 'किल्ड' लिहिलं आहे. सर म्हणाले, "परीक्षक विचारतील." मी म्हणाले, "विचारू देत." तुमची लाल रेघ आता लागणार नाही, आणि मला ती हवी होती.

काचपट्ट्या तयार होऊन आल्या, इरफानने आकडे घातले. पहिली लावली आणि डोळा जाईना. मी नियम मोडला. "इरफान, उंदीरच आहे ना?"

तो दर वेळी थट्टा करतो, त्या दिवशी नाही केली. "उंदीर हैच. अम्मी की कसम."

प्रत्येक पट्टीला मी विचारलं आणि प्रत्येक वेळी त्याने तेच सांगितलं, न कंटाळता. काहींचे बांध झिजलेत, मॅडम. मध्ये फुटलेत, शेताला शेत मिळालंय. काहींचे नाहीत. आकडे उघडल्यावर जसं असेल तसं लिहीन.

आणि तुमच्यासाठीचा शब्द. तुम्ही मेलात, मॅडम. अंकात सर तो ठेवतील की नाही माहीत नाही. मी लिहिला आहे. तुमच्याकडून शिकले, तुम्ही माझ्याशी तसं वागला नाहीत तरी.

शेवटी रुमाल सोडला. इरफानला बाहेर जायला सांगितलं, त्याने का ते विचारलं नाही. या पट्टीवर आकडा नव्हता, चिकटपट्टी नव्हती. कुणाची ते मला माहीत होतं. बांध तसेच आहेत, निळे, जाड, एकमेकांत गेलेले. पण त्या दिवशी मी मधल्या गोल गाठी मोजल्याच नव्हत्या. त्यासुद्धा खराबीच समजले होते. उरलेलं काळीज बांधांच्या आत कोंडलं की गाठीसारखं वाढतं, हे तुम्हीच शिकवलेलं. कडेला एका गाठीत दोन दोन केंद्रकांच्या पेशी दिसल्या, ताज्या, दाटीने बसलेल्या. वाढायला निघालेल्या. थोडं शेत होतं, मॅडम. बांधांनी गळा आवळलेला असताना ते वाढत होतं, आणि मी हसून म्हणाले होते, उरलंय कुठं.

की आता ओळख आहे, म्हणून डोळा खोटं बोलतोय?

मी तीनदा बघितलं. तिन्ही वेळा दिसलं. हे खरं की खोटं, ते ज्यांना विचारायचं त्या तुम्हीच. मान हलवा. अशी किंवा अशी.